ग्रॅनडाचा शेरलॉक होम्स: नेव्हिल सेंट क्लेअर बेपत्ता होतो ती सात-आठ मिनिटं

बेकरस्ट्रीट_डोंबिवली

(रहस्यभेद आहे. भाग पाहिला नसेल तर आधी तो पाहा, मग धागा वाचा.)

ग्रॅनडा टेलिव्हिजनने ऑगस्ट १९८६ मध्ये ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ दाखवला. होम्स जेरेमी ब्रेट, वॉटसन एडवर्ड हार्डविक, सेंट क्लेअर क्लाइव्ह फ्रान्सिस, त्याची बायको एलेनॉर डेव्हिड आणि इन्स्पेक्टर ब्रॅडस्ट्रीट डेनिस लिल. पटकथा अ‍ॅलन प्लेटर यांची, दिग्दर्शन पॅट्रिक लाऊ यांचं. मूळ कथा डिसेंबर १८९१ च्या ‘स्ट्रँड’ मासिकातली.

माणूस नाहीसा होण्याची रहस्यं टीव्हीवर ढिगाने आहेत. पण ज्याचा खून झाला असं सगळे धरून चाललेत आणि त्याच खुनाच्या संशयावरून जो कोठडीत बसलाय, ते दोघे एकच असणं हा प्रकार विरळा. प्रेत नाही, कारण ‘खुनी’ जिवंत आहे.

घटनाक्रम थोडक्यात. सोमवारी नेव्हिल नेहमीप्रमाणे लंडनला जातो. जाताना धाकट्या मुलासाठी लाकडी ठोकळ्यांची पेटी आणायचं कबूल करतो. त्याच दिवशी तार आल्यामुळे बायकोही एक पार्सल घ्यायला शहरात येते. दुपारी बरोबर ४.३५ ला, लंडन ब्रिजच्या पूर्वेला धक्क्यांमागच्या बोळातून जाताना, अफूच्या अड्ड्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तिला नवरा दिसतो. अंगात गडद कोट, पण कॉलर नाही, टाय नाही. हातवारे करतो आणि कोणीतरी मागे खेचल्यासारखा दिसेनासा होतो. ती आत धावते, तर अड्ड्याचा मालक तिला बाहेर ढकलतो. गल्लीच्या तोंडाशी पोलिस भेटतात, त्यांना घेऊन ती परत येते. वर फक्त ह्यू बून नावाचा वाकड्या ओठांचा भिकारी. टेबलावर ठोकळ्यांची पेटी, पडद्यामागे नेव्हिलचे कपडे, खिडकीच्या चौकटीवर रक्त. कोट तेवढा नाही. तो नंतर ओहोटीच्या चिखलात सापडतो, खिशांत ४२१ पेन्या आणि २७० अर्ध्या पेन्या कोंबलेल्या.

खरी गोष्ट अशी की नेव्हिल रोज याच अड्ड्यातल्या खोलीत बूनचं सोंग चढवून भीक मागायला बसतो आणि संध्याकाळी धुऊन-पुसून घरी जातो. प्रश्न एवढाच: खिडकीतल्या चेहऱ्यापासून पोलिस वर येईपर्यंत सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेलेला नाही. तेवढ्यात स्वच्छ चेहऱ्याचा नेव्हिल पुन्हा बून होऊ शकतो का? आकडे मूळ कथेतले घेऊ.

रंगपेटी

जमतं, पण कुठल्या साहित्याने यावर सगळं अवलंबून आहे. कथेत नेव्हिल सांगतो की तो पूर्वी नट होता, रंगभूषेच्या खोलीतल्या युक्त्या त्याला ठाऊक होत्या. चेहरा रंगवायचा, एक मोठा व्रण काढायचा आणि ओठाची एक बाजू कातडीच्या रंगाच्या पट्टीने वर ओढून ठेवायची. वर लाल केसांचा टोप.

शेवटी कोठडीत होम्स काय करतो? स्पंज सुरईतल्या पाण्यात भिजवतो आणि दोनदा जोरात तोंडावरून फिरवतो. साल निघावी तसा चेहरा सोलून निघतो. म्हणजे जे काही लावलं होतं ते साध्या पाण्याने निघालं. इथेच ग्रीसपेंट, म्हणजे नटांचा चरबीतला रंग, बाद होतं. जर्मनीत लुडविग लाइख्नर यांनी १८७३ पासून कांड्यांचं ग्रीसपेंट बनवायला सुरुवात केली होती, त्यामुळे १८८९ मध्ये, म्हणजे कथा घडते तेव्हा, नटाला ते मिळायला अडचण नव्हती. पण त्यात चरबी असते. पाणी त्यावरून ओघळून जातं. ते काढायला कोल्ड क्रीम, कोको बटर नाहीतर व्हॅसलिन चोळावं लागतं, मग कापडाने पुसायचं, मग साबण. ओल्या स्पंजाने ग्रीसपेंट फक्त पसरतं आणि माणूस आणखी भेसूर दिसतो.

माझ्या मते त्याने तीन वेगवेगळे पदार्थ वापरले असणार.

चेहऱ्याचा मळकट तपकिरी रंग: कोरडी माती-रंगाची पूड, पाण्यात किंवा पातळ डिंकपाण्यात कालवलेली. ग्रीसपेंटच्या आधी बरेच नट असंच करायचे. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांतला सफेदा-हिंगूळ आठवा, पाण्यात कालवला तर धुतला जातो, तेलात कालवला तर नाही. हातावर घेऊन चेहऱ्याला फासायला एक मिनिट पुरतं.

ओठ: ‘कोर्ट प्लास्टर’. तलम रेशमावर इसिंग्लास म्हणजे माशाच्या वायुपिशवीचा सरस लावलेला असे. पांढरं, काळं आणि कातडीच्या रंगाचं मिळे. जिभेने ओलं करून दाबलं की चिकटतं. ओठाची कड बोटाने वर ओढून धरायची, पट्टीचं एक टोक ओठाच्या वर आणि दुसरं गालावर दाबायचं, तीस सेकंद सोडायचं नाही. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून स्पंजाने ओठ जागेवर आला हे अगदी बरोबर आहे.

व्रण: कलोडियन. हे इथरमध्ये विरघळवलेलं द्रव्य १८४० च्या दशकाच्या शेवटी जखमांवर लावण्यासाठी आलं. साधं, कडक कलोडियन सुकताना आक्रसतं आणि कातडीला आत ओढतं, त्यातून खरा वाटणारा चुणीदार व्रण होतो. (एरंडेल घातलेलं लवचीक कलोडियन वेगळं, त्याने व्रण होत नाही. आजही नवशिके तीच बाटली आणतात आणि काहीच का होत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात.) एक थर साधारण मिनिटाभरात सुकतो, दोन-तीन थर हवेत. ते पाण्यात विरघळत नाही, पण कड सुटली की पापुद्र्यासारखं निघतं. सालीची उपमा मला म्हणूनच पटते. रंग धुतला जातो, सोलून निघतो तो पापुद्रा.

एकूण रंग १ मिनिट, पट्टी १, व्रण ३, टोप १, मळके कपडे २. आठ मिनिटं झाली. हात सराईत असेल आणि व्रणाचा एक थर सुकताना कपडे चढवले तर सहात बसतं. त्याला वर्षांचा सराव होता.

बेकरस्ट्रीट_डोंबिवली

> रंग पाण्यात कालवलेला

रंगपेटीताई, मग रोजचा वेळही जुळतो. नेव्हिल दररोज कॅनन स्ट्रीटच्या ५.१४ च्या गाडीने घरी परतायचा. ४.३५ ला बायकोला दिसला तेव्हा चेहरा स्वच्छ होता, फक्त कॉलर-टाय बाकी. तिथून स्टेशन पायी दहा-बारा मिनिटांवर. ग्रीसपेंट असतं तर क्रीम-साबणात एवढा आधी मोकळा झाला नसता, शिवाय रोज कानामागे, केसांच्या मुळाशी रंगाची रेघ राहिली असती. शेजारी झोपणाऱ्या बायकोला ती दिसलीच असती.

पण पावसाचं काय? थ्रेडनीडल स्ट्रीटवर तो भिंतीच्या कोनाड्यात मांडी घालून बसायचा, चामड्याची टोपी पैशांसाठी पुढ्यात पालथी. म्हणजे डोकंही उघडं.

रंगपेटी

पाऊस त्या रंगाला मारक. डिंकाचं प्रमाण वाढवलं तर भुरभुर सोसेल, सरी नाही. जास्त डिंक घातला तर हसताना गालाला तडे जातात, आणि बून तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना हजरजबाबी उत्तरं देण्यासाठी प्रसिद्ध होता. पावसाच्या दिवशी त्याला सुट्टीच घ्यावी लागत असणार.

नाणेघाट

कोटाकडे वळू. ४२१ पेन्या + २७० अर्ध्या पेन्या म्हणजे ४२१ + १३५ = ५५६ पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड (रुपये-आणे-पै ज्यांनी शाळेत केलंय त्यांना हे जड जाणार नाही), म्हणून २ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स.

आता वजन. १८६० पासून ही नाणी कांस्याची होती, ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. एका पौंड वजनात ४८ पेन्या किंवा ८० अर्ध्या पेन्या बसत, म्हणजे पेनी ९.४५ ग्रॅम, अर्धी ५.६७ ग्रॅम. ४२१ पेन्यांचे ३.९८ किलो, २७० अर्ध्यांचे १.५३ किलो. एकूण साडेपाच किलो. कांस्याची घनता पाण्याच्या जवळपास नऊपट, त्यामुळे पाण्यात बुडाल्यावरही यातला सुमारे ४.९ किलोचा भार शिल्लक राहतो. लोकरी कोटात अडकलेली हवा त्यापुढे काही नाही. कोट दगडासारखा तळाला बसणार आणि ओहोटीबरोबर वाहून जाणार नाही. ओहोटीला तो तिथेच चिखलात सापडतो, ते यामुळेच.

एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ही चिल्लर खिशात आली कशी? त्याने नुकतीच ती चामड्याच्या पिशवीतून कोटात भरली होती. खिडकीत दिसला तेव्हा तो कोट अंगात होता. साडेपाच किलो सहा खिशांत वाटलं तरी प्रत्येकात नऊशे ग्रॅम. असा कोट काढून फेकायला दोन्ही हात लागतात. त्याआधी खिडकी जोरात उघडतानाच सकाळची जखम पुन्हा फुटली होती, चौकटीवरचं रक्त त्याचंच.

आणि कमाई. भीक मागायला लागण्याआधी नेव्हिल वार्ताहर होता, तेव्हा त्याला आठवड्याला २ पौंड मिळत, वर्षाला १०४. भीक मागून वर्षाला ७०० पौंडांवर मिळवतो असं तो सांगतो. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे ३१३ धरा: ३१३ × ५५६ = १,७४,०२८ पेन्स, म्हणजे ७२५ पौंड. कोटातली एका दिवसाची चिल्लर आणि त्याने सांगितलेली वर्षाची कमाई ही दोन वेगवेगळ्या प्रसंगांत येतात, तरी एकमेकांशी जुळतात. लेखकाने हिशेब करूनच आकडे टाकलेत, अशी माझी खात्री आहे.

शाईदौत

नाणेघाट, तुमच्या हिशेबात एक पळवाट राहिली. चांदीची नाणीही पडत असा उल्लेख कथेत आहे. ती कोटात नव्हती.

नाणेघाट

मान्य. मग ७२५ हा किमान आकडा धरा. ‘७०० च्या वर’ हे तरीही खरंच राहतं. मात्र ६९१ नाणी सात तासांत म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. बँक ऑफ इंग्लंडच्या दारातली ती गल्ली, गर्दी अफाट, पण सलग सात तास हा वेग टिकणं कठीण. नाणी सुटी न पडता दोन-तीन एकदम पडत असणार.

खाडीवारा

भरतीचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

खिडकीखाली आणि धक्क्याच्या मध्ये एक अरुंद पट्टी आहे. ओहोटीला कोरडी, भरतीला किमान साडेचार फूट (१.३७ मीटर) पाण्याखाली. लंडन ब्रिजपाशी थेम्सला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास असतो. त्यात साडेचार फूट म्हणजे अगदी वरची कड. हिशेब केला तर ही पट्टी पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढीच पाण्याखाली राहते, बाकी आठ तास उघडा चिखल. पावणेपाचला फेकलेला कोट चिखलात पडला असता तर वर आलेल्या पोलिसांनी खिडकीतून वाकून लगेच पाहिला असता. तेव्हा त्या सोमवारी पूर्ण भरती पावणेतीन ते पावणेसातच्या दरम्यान असायला हवी, नाहीतर गोष्ट कोसळते.

कथा जून १८८९ मधली. पौर्णिमा १३ तारखेच्या आसपास, म्हणजे आपली वटपौर्णिमा. त्यानंतरचा सोमवार १७ जून, वद्य तृतीया-चतुर्थी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. साडेतीनची पाऊणपट अडीच तासांहून थोडी जास्त. आपल्याकडे पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास, लंडन ब्रिजला ती दोनच्या सुमारास. म्हणून दोन अधिक अडीच, साडेचार वाजून काही मिनिटं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. कोट फेकला त्या वेळी खिडकीखाली जवळजवळ पूर्ण भरती होती, आणि दोन-अडीच तासांत पाणी उतरून तो उघडा पडला. अगदी चपखल.

अड्ड्याच्या मालकाबद्दलही सांगायला हवं. कथेत त्याला नाव नाही, नुसता ‘लास्कर’. हा शब्द आपल्या ‘लष्कर’चाच भाऊ, ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना वापरत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि खानपानाकडे गोव्याचे लोक मोठ्या संख्येने असत. त्यांच्यातले सारंग, तांडेल हे हुद्दे कोकणातल्या मच्छीमार बोटींवर आजही ऐकू येतात. बोट चुकलेल्या, पगार बुडालेल्या अशा खलाशांसाठी लंडनच्या लाइमहाउसमध्ये १८५७ मध्ये एक वसतिगृह उघडलं होतं. कथा त्या माणसाला बदमाश म्हणून मोकळी होते. पण काय घडतं ते पाहा: नेव्हिलचं गुपित वर्षानुवर्षं याच माणसाने सांभाळलं, पोलिसांचा पहारा असतानाही नेव्हिलने बायकोला लिहिलेली चिठ्ठी बाहेर पोचवायची खटपट त्यानेच केली. अख्ख्या गोष्टीत दिलेला शब्द पाळणारा तो आहे. हा भाग पुन्हा पाहताना माझं लक्ष त्याच्यावरच असतं.

शाईदौत

चिठ्ठीचं आलंच आहे तर. शुक्रवारी बायकोला नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी आणि अंगठी मिळते आणि होम्सचा ‘तो मेला’ हा अंदाज कोलमडतो. पाकिटावर गंमत अशी की नाव ठळक काळं, पत्ता करडा. होम्स म्हणतो, नाव लिहून लिहिणारा थांबला, कारण पत्ता त्याला माहीत नव्हता.

यामागे शाईचं रसायन आहे. तेव्हाची शाई लोह आणि मायफळाच्या टॅनिनची. लिहिताना फिकी, हवेत सुकता सुकता काळी होणारी. ओली असताना टीपकागद दाबला की बरीचशी शाई उचलली जाते, उरलेली काळी झाली तरी पातळ, म्हणून करडी दिसते. सगळं एका दमात लिहून टिपलं असतं तर नाव आणि पत्ता दोन्ही सारखेच करडे. नाव आपसूक सुकायला काही मिनिटं तरी जावी लागतात. निष्कर्ष पक्का आहे. टपालाचा शिक्का ग्रेव्ह्‌सएंडचा, समुद्राकडे निघालेल्या जहाजांचं थेम्सवरचं ठाणं. लिफाफ्याचा डिंक तंबाखू चघळणाऱ्याने चाटलेला. एवढ्यावरून खलाशी. मालकाने चिठ्ठी एका गिऱ्हाइकाकडे दिली आणि तो काही दिवस विसरला.

सत्यान्वेषी_९३

तुलनेसाठी दोन भाग. डेव्हिड सुशे यांच्या ‘पॉइरो’मधला ‘मिस्टर डेव्हनहाइम बेपत्ता’, फेब्रुवारी १९९०, मूळ कथा १९२३ ची (याचाही रहस्यभेद करतोय). तिथेही हरवलेला माणूस पोलिसांच्याच कोठडीत सापडतो. फरक असा की बँकर डेव्हनहाइम सगळं महिनोन् महिने आधी आखतो. आधी खोट्या नावाने तीन महिने शिक्षा भोगून येतो, म्हणजे पोलिसांच्या दप्तरी तो दुसरा माणूस ‘जुना’ होतो. नेव्हिलचं सगळं सात मिनिटांत, घाबरून. डेव्हनहाइम खोटी दाढी घरी लावतो, तुरुंगात खरा चेहरा. नेव्हिलचं नेमकं उलट.

दुसरा आपल्या ओळखीचा. बासू चॅटर्जींच्या १९९३ च्या दूरदर्शनवरच्या ‘ब्योमकेश बक्षी’तली ‘सत्यान्वेषी’. तिथे रजित कपूरचा ब्योमकेश खोट्या नावाने मेसमध्ये राहतो, इथे होम्स म्हाताऱ्याच्या वेषात अफूच्या अड्ड्यात बसतो. सोंग घेतलेला गुप्तहेर सोंग घेतलेल्या माणसाला शोधतोय, आणि तरी होम्सला पाच दिवस लागतात. ब्रेटने ती चीड छान दाखवली आहे.

वकीलवाडा

शेवटी ब्रॅडस्ट्रीट नेव्हिलला सोडून देतो ते बेकायदा नाही. खून नाही, म्हणून खुनाचा आरोप नाही. भीक मागणं मात्र १८२४ च्या व्हेग्रन्सी कायद्याने गुन्हा होता, एक महिन्यापर्यंत सक्तमजुरी. म्हणून तर बून पुढ्यात मेणाच्या काडेपेट्या ठेवून विक्रेत्याचं सोंग करायचा. खटला भरला असता तर नाव छापून आलं असतं, आणि मुलांना बापाचा धंदा कळू नये एवढ्याचसाठी तो फाशीची भीती पत्करून गप्प होता. ‘यापुढे ह्यू बून दिसता कामा नये’ ही अट त्यामुळे शिक्षेपेक्षा परिणामकारक आहे.

बेकरस्ट्रीट_डोंबिवली

तारखेबद्दल. खाडीवारांनी १७ जून सोमवार धरला ते बरोबर. कथेत वॉटसन अफूच्या तारेतल्या आयझा व्हिटनीला सांगतो, आज शुक्रवार, १९ जून. व्हिटनी हट्टाने म्हणतो, आज बुधवार आहे. १८८९ चं कॅलेंडर काढा: १९ जूनला बुधवारच होता. ग्रॅनडाच्या मालिकेत वॉटसन अविवाहित आहे, त्यामुळे नाव जॉन असताना त्याची बायको त्याला ‘जेम्स’ का म्हणते हा कथेतला दुसरा प्रसिद्ध घोळ तिथे आपोआप टळतो.

रंगपेटी

माझी एक शंका उरते आणि ती वेळेपेक्षा मोठी आहे. सात मिनिटांचं सोंग जमलं, पण सोमवार संध्याकाळ ते शनिवार पहाट ते टिकलं कसं? कोठडीत ना पूड, ना पट्टी, ना आरसा. कलोडियनच्या कडा दुसऱ्या दिवशी उचलायला लागतात. सरसाची पट्टी लाळेने, घामाने सुटते. त्याने तोंड धुवायला नकार दिला हे योग्य, आणि मळ साचत गेला तो पहिल्या रंगाच्या जागी आला असणार. ओठ मात्र पट्टी सुटल्यावर स्नायूंनी वाकडा धरावा लागला असेल, निदान कोणी समोर असताना.

दाढीचं उत्तर मला सापडत नाही. माणूस काळ्या केसांचा, टोप लाल. पाच दिवस वस्तरा नाही. तिसऱ्या दिवशीच लाल डोक्याखाली काळे खुंट दिसायला हवेत, आणि स्पंज फिरल्यावर कथेत निघतो तो गुळगुळीत चेहरा.

नाणेघाट

मळाखाली खुंट दिसले नसतील?

रंगपेटी

मळाने रंग लपतो, खरखर लपत नाही. होम्सने स्पंज दोनदा फिरवला. पाच दिवसांच्या खुंटांवर स्पंज अडकतो, त्याचे तुकडे निघतात. ब्रॅडस्ट्रीटच्या हवालदारांनी रोज जेवण देताना त्याच्या हनुवटीकडे एकदा नीट पाहिलं असतं, तर होम्सला तंबाखू ओढत रात्र जागवावी लागली नसती.